निर्णयसागरचे जावजी दादाजी

प्रस्तावना

पुस्तक हाती घेतल्यावर आपण त्यातील मजकूर वाचतो. अक्षराचे वळण कसे आहे, ते कोणी घडवले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. अक्षर ठसठशीत व रेखीव असेल तर वाचन सहज होते. ते वेडेवाकडे वा तुटक असेल तर डोळे थकतात आणि अर्थही निसटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवनागरी छपाईला देखणे आणि शुद्ध रूप देण्याचे काम मुंबईतील एका छापखान्याने केले. तो छापखाना म्हणजे 'निर्णयसागर' आणि त्याचे संस्थापक म्हणजे जावजी दादाजी चौधरी. छापखान्यात खिळे घासणारा एक गरीब मुलगा देवनागरी मुद्रणाचा अग्रणी कसा झाला, याची माहिती या पाठात दिली आहे.

पोथीकडून पुस्तकाकडे

मुद्रणकला येण्यापूर्वी आपल्याकडे ग्रंथ हाताने लिहिले जात. लेखक बोरूचे टोक तिरपे कापीत, ते शाईत बुडवीत आणि सुट्या लांबट पानांवर मोठ्या, टपोऱ्या अक्षरांत पोथी लिहीत. बोरूचे टोक तिरपे असल्यामुळे अक्षराची एका दिशेची रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेची बारीक उमटे. जाड-बारीक रेघांच्या या मेळातूनच देवनागरी अक्षराचे सौंदर्य निर्माण झाले. पोथ्या बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत लिहिल्या जात, तर दैनंदिन पत्रव्यवहार आणि हिशेब यांसाठी भरभर लिहिता येणारी मोडी लिपी वापरली जाई.

एक पोथी नकलून घेण्यास अनेक महिने लागत. नक्कल करणाऱ्याची एखादी चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरे. शिवाय पोथी महाग असे. त्यामुळे विद्या थोड्या घरांपुरती मर्यादित राहिली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही स्थिती पालटू लागली. १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यात देवनागरी टाइप वापरलेले होते. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी छापखाना काढला आणि १८१७ पासून तेथे मराठी छपाई होऊ लागली. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. शिळाछाप म्हणजे विशिष्ट दगडावर मजकूर लिहून त्यावरून प्रती काढण्याची पद्धत. छापण्याच्या शाईत जनावरांची चरबी असते, या समजुतीने अनेक धार्मिक लोक छापील ग्रंथांना शिवत नसत. म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असे सांगितले जाते. हळूहळू छापील पुस्तक लोकांच्या देवघरातही पोहोचले.

शिळाछापात लेखकाचे सुंदर हस्ताक्षर जसेच्या तसे उमटत असे. मात्र त्यात चूक राहिली तर ती दुरुस्त करणे अवघड जाई आणि प्रत्येक पानासाठी सगळे लेखन नव्याने करावे लागे. सुट्या खिळ्यांनी मजकूर जुळवला तर चुकीचा खिळा काढून बरोबर खिळा बसवता येतो. एक पान छापून झाले की तेच खिळे सोडवून दुसऱ्या पानासाठी वापरता येतात. छपाईच्या दृष्टीने खिळ्यांची पद्धत अधिक सोयीची होती. अडचण होती ती अक्षराच्या रूपाची. सुरुवातीचे देवनागरी खिळे ओबडधोबड होते. पोथीतील टपोऱ्या अक्षरांची सवय असलेल्या वाचकाला ते परके वाटत.

देवनागरीची अडचण

ही अडचण समजण्यासाठी देवनागरीची रचना लक्षात घेतली पाहिजे. रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक सुटी मांडली जातात. लहान-मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे मिळून थोड्या खिळ्यांत काम भागते. देवनागरीत तसे होत नाही. अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि रफार येतो. पायाशी ऱ्हस्व व दीर्घ उकार येतो. शिवाय जोडाक्षरे असतात. 'द्ध', 'ष्ट्र', 'ङ्क', 'द्व्य' यांसारखी जोडाक्षरे संस्कृत ग्रंथांत पानोपानी आढळतात. या सर्वांसाठी शेकडो खिळे तयार करावे लागतात.

या शेकडो खिळ्यांची उंची, जाडी आणि वळण एकसारखे असावे लागते. शिरोरेघ एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर अखंड जायला हवी. खिळ्याची बाजू केसभर जरी जास्त राहिली तरी शब्दाची शिरोरेघ तुटते. मात्रा थोडी सरकली तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. मुंबईच्या छापखान्यांत अक्षर, त्याच्यावरची चिन्हे आणि त्याच्याखालची चिन्हे वेगवेगळ्या थरांत जुळवण्याची एक पद्धत रूढ होती. त्या पद्धतीत तर तिन्ही थर अचूक बसणे अत्यंत आवश्यक असे. हे काम सुबकपणे करील असा कारागीर हवा होता आणि त्या कारागिराला पाठबळ देणारा मालकही हवा होता.

बालपण आणि उमेदवारी

जावजी दादाजी यांचा जन्म १८३९ मध्ये मुंबई येथे झाला. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची होती. त्यामुळे त्यांना शाळेत फारसे शिकता आले नाही. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. त्यांचा पगार महिना दोन रुपये होता आणि काम होते खिळे घासण्याचे.

साच्यातून नुकताच बाहेर पडलेला खिळा खडबडीत असतो. त्याच्या कडांना शिशाचे बारीक कंगोरे राहिलेले असतात. ते घासून खिळ्याच्या चारही बाजू सपाट व काटकोनात कराव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आणि बोटांना त्रास देणारे असते. छापखान्यातील सर्वांत खालच्या दर्जाचे काम म्हणूनच ते लहान मुलांकडे सोपवले जाई. जावजींनी मात्र या कामातून अक्षराची ओळख करून घेतली. रोज शेकडो खिळे हातांखालून जात असताना कोणता खिळा नीट बसतो, कोणता अडतो, कोणत्या अक्षराची रेघ लवकर झिजते, हे त्यांच्या ध्यानात येत गेले.

अमेरिकन मिशनच्या या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम हे टाइपांचे ठसे कोरणारे निष्णात कारागीर होते. त्यांच्या कामामुळे त्या छापखान्याच्या देवनागरी अक्षरांत पुष्कळ सुधारणा झाली होती. अशा ठिकाणी जावजींची उमेदवारी झाली. खिळे घासण्यापासून सुरुवात करून त्यांनी खिळे ओतण्याच्या कामाचे सर्व बारकावे आत्मसात केले. पुढे 'इंदुप्रकाश'सारख्या मुंबईतील इतर छापखान्यांतही त्यांनी नोकरी केली. प्रत्येक ठिकाणी त्यांना वेगळी यंत्रे, वेगळे खिळे आणि वेगळ्या अडचणी पाहायला मिळाल्या.

राणोजींची साथ आणि स्वतःची ओतशाळा

१८६४ मध्ये जावजींनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना सुरू केला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते. जवळ मोठे भांडवल नव्हते. ते दिवसही विलक्षण होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैशाचा पूर लोटला होता. शेअरबाजारात अनेकांनी आपली पुंजी गुंतवली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. जावजींचा व्यवसाय मात्र हातांच्या कसबावर उभा होता. शाळा, वर्तमानपत्रे व पुस्तके वाढत होती, तशी चांगल्या खिळ्यांची गरजही वाढत होती. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाल्यावर संस्कृत ग्रंथांनाही नवा वाचक मिळू लागला होता.

या कामात त्यांना राणोजी रावजी आरू या मित्राची मोलाची साथ लाभली. राणोजी हे पोलादावर अक्षर कोरण्यात अत्यंत कुशल होते. निर्णयसागरच्या अक्षरांचे जे वळण पुढे देशभर वाखाणले गेले, ते राणोजींच्या हातून उतरले. जावजींना चांगल्या अक्षराची पारख होती आणि व्यवहाराचे ज्ञानही होते. राणोजींकडे कोरण्याची सिद्धी होती. दोघांच्या गुणांचा असा संगम झाल्यामुळेच हे कार्य साध्य झाले. पुस्तकावर मुद्रकाचे नाव छापले जाते, पण ठसे कोरणाऱ्याचे नाव सहसा कोठेच येत नाही. म्हणून जावजींच्या चरित्रात राणोजींचा उल्लेख कृतज्ञतेने केला पाहिजे.

एक खिळा कसा घडत असे

आज संगणकाच्या पडद्यावर अक्षर क्षणात उमटते. त्या काळी एका अक्षरामागे अनेक दिवसांचे श्रम असत.

प्रथम मऊ पोलादाच्या एका लहान कांडीच्या टोकावर अक्षर कोरले जाई. हे अक्षर उलटे, म्हणजे आरशात दिसते तसे कोरावे लागे. अक्षराच्या पोटातील मोकळी जागा आधी खोल करायची आणि नंतर कानस व छिन्नीने बाहेरची रेघ तासत आणायची, असा क्रम असे. रेघ एकदा जास्त तासली गेली तर ती पुन्हा भरून काढता येत नसे. मग सगळे काम नव्याने करावे लागे. अक्षर कसे उतरले हे पाहण्यासाठी कारागीर ती कांडी दिव्याच्या ज्योतीवर धरी. तिच्यावर काजळी बसली की ती कागदावर दाबी. कागदावर उमटलेले काळे अक्षर निरखून तो पुन्हा दुरुस्ती करी. मनासारखे अक्षर होईपर्यंत हे चालू राही. यानंतर कांडी तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवली जाई, त्यामुळे पोलाद कठीण होई. हा झाला ठसा.

हा ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तांब्यात अक्षराचा खोलगट आकार उमटे. त्याला मातृका म्हणतात. मातृका साच्याच्या तळाशी बसवून साच्यात वितळलेला धातू ओतला जाई. या धातूत मुख्यतः शिसे असे, त्यात अँटिमनी आणि कथील मिसळलेले असे. शिसे लवकर वितळते. अँटिमनीमुळे खिळा कठीण होतो आणि कथिलामुळे धातू साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट पसरतो. साचा उघडला की खिळा बाहेर पडे. मग तो घासला जाई. जावजींनी लहानपणी केलेले काम ते हेच.

एका मातृकेतून हजारो खिळे काढता येत. ठसा सुंदर असेल तर हजारो खिळे सुंदर निघत आणि ठशात दोष असेल तर तो दोषही हजारो पानांवर उमटे. म्हणून जावजींनी ठशांच्या कामात कधी घाई केली नाही व खर्चाची काटकसरही केली नाही.

अक्षराचे सौंदर्य

निर्णयसागरच्या टाइपाचे वैशिष्ट्य कशात होते? पहिले म्हणजे त्या अक्षरांनी बोरूच्या लेखनाशी नाते राखले होते. जाड आणि बारीक रेघांचा तोल, गोलाईतील डौल आणि अक्षराच्या पोटातील मोकळी जागा पोथीतील सुंदर हस्ताक्षराची आठवण करून देई. लोखंड आणि शिशातून घडलेले असूनही ते अक्षर हाताने लिहिल्यासारखे जिवंत वाटे.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे सर्व अक्षरांतील एकसारखेपणा. 'क' आणि 'फ' यांच्या पाकळ्या, 'ल' आणि 'ळ' यांच्या गाठी, 'त' आणि 'ग' यांच्या दंडांची जाडी एकमेकांशी जुळणारी होती. पान दूरून पाहिले तरी कोठे काळे डाग किंवा पांढरी भगदाडे दिसत नसत. तिसरे वैशिष्ट्य जोडाक्षरांचे. अवघड जोडाक्षरेही कोंबल्यासारखी न दिसता स्पष्ट वाचता येत.

त्या काळी देवनागरी टाइपाची दोन वळणे प्रचलित होती. एक मुंबईचे व दुसरे कलकत्त्याचे. 'अ', 'झ', 'ण' ही अक्षरे आणि काही अंक दोन्ही वळणांत वेगवेगळ्या प्रकारे काढले जात. मुंबई वळणाचा प्रसार होण्यात निर्णयसागरचा वाटा मोठा होता. जावजींच्या कारखान्यात तयार झालेले खिळे इतर छापखानेही विकत घेत. त्यामुळे हे अक्षर निर्णयसागरच्या पुस्तकांपुरते राहिले नाही. शाळेच्या क्रमिक पुस्तकापासून लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेपर्यंत ते सर्वत्र दिसू लागले.

निर्णयसागर छापखाना

१८६९ मध्ये जावजींनी निर्णयसागर छापखाना काढला. मुंबईतील काळबादेवी भागातील कोलभाट गल्ली हे त्याचे ठिकाण पुढे संस्कृतच्या अभ्यासकांना चांगले परिचित झाले. निर्णयसागर याच नावाचे पंचांगही लोकप्रिय झाले. पंचांगातील प्रत्येक अंक अचूक असावा लागतो. तिथी किंवा घटका चुकली तर घरोघरचे सण, व्रते आणि मुहूर्त चुकतात. त्यामुळे पंचांग छापणाऱ्याला काटेकोर राहावेच लागते. हा काटेकोरपणा निर्णयसागरच्या सर्व कामांत दिसून आला.

सुंदर अक्षर असले तरी मजकूर अशुद्ध असेल तर पुस्तकाचा उपयोग काय, हा प्रश्न जावजींनी ओळखला होता. स्वतःला फारसे शालेय शिक्षण मिळालेले नसताना त्यांनी विद्वान शास्त्री व पंडितांना छापखान्याशी जोडून घेतले. एका ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित प्रती मिळवायच्या, त्या ताडून पाहायच्या, योग्य पाठ ठरवायचा आणि छापताना मुद्रिते पुन्हा पुन्हा तपासायची, अशी पद्धत तेथे रूढ झाली. निर्णयसागरचे पुस्तक म्हणजे शुद्ध पुस्तक, असा लौकिक त्यातून निर्माण झाला. काशी किंवा जयपूर येथील पंडितही मुंबईहून ही पुस्तके मागवीत.

मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी

जावजींनी केवळ पंडितांसाठीच ग्रंथ छापले असे नाही. १८८१ मध्ये 'बालबोध' हे मुलांचे मासिक निघू लागले. त्याचे संपादन विनायक कोंडदेव ओक यांनी केले आणि ते निर्णयसागरमधून प्रसिद्ध होत असे. थोरांची चरित्रे, कविता, शास्त्रीय माहिती आणि निबंध असा त्यातील मजकूर असे. सोपी भाषा आणि स्वच्छ छपाई यांमुळे महाराष्ट्रातील मुलांच्या अनेक पिढ्यांना या मासिकाने वाचनाची गोडी लावली. नव्यानेच वाचू लागलेल्या मुलाला मोठे, सुटसुटीत अक्षर किती मदत करते, हे अशा नियतकालिकावरून समजते. जुन्या मराठी कवींच्या रचनाही निर्णयसागरने 'काव्यसंग्रह' या मालेतून वाचकांपुढे आणल्या.

त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे 'काव्यमाला'. १८८६ मध्ये ही संस्कृत ग्रंथांची माला मासिकाच्या रूपाने सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि निर्णयसागरमधील काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक होते. जुन्या घरांतील फडताळांत आणि संस्थानांच्या ग्रंथालयांत कितीतरी संस्कृत काव्ये, नाटके व साहित्यशास्त्राचे ग्रंथ हस्तलिखित स्वरूपात पडून होते. वाळवी, पाऊस आणि दुर्लक्ष यांमुळे ते नष्ट होण्याचा धोका होता. काव्यमालेने असे अनेक ग्रंथ प्रथमच छापून काढले. एखाद्या ग्रंथाच्या दोन-तीनच प्रती देशात उरल्या असतील, तर तो छापला गेल्यावर शेकडो वाचकांच्या हाती पोहोचला व नाश होण्यापासून वाचला.

पंडित दुर्गाप्रसादांनंतर या मालेच्या संपादनात लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजातील पंडित शिवदत्त यांनी भाग घेतला. लाहोर हे त्या वेळी पंजाबचे विद्याकेंद्र होते. १८८२ मध्ये तेथे पंजाब विद्यापीठ स्थापन झाले होते. फाळणीनंतर भारतातील पंजाब विद्यापीठाने पुढे चंदीगड येथे आपले घर केले. मुंबईच्या एका गल्लीत जुळवलेल्या खिळ्यांमागे पंजाबातील एका पंडिताची विद्वत्ता उभी होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. महाराष्ट्र, राजस्थान आणि पंजाब या प्रांतांना जोडणारा दुवा म्हणजे देवनागरी अक्षर.

अखेर आणि वारसा

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी दादाजींचे निधन झाले. त्या वेळी ते जेमतेम त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांच्यामागे त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी छापखान्याचे काम पुढे चालवले. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर प्रकाशक म्हणून तुकाराम जावजी हे नाव अनेकदा आढळते. काव्यमालाही पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारख्या विद्वानांनी निर्णयसागरसाठी असंख्य ग्रंथांचे संपादन केले.

विसाव्या शतकात छपाईचे तंत्र वेगाने बदलले. खिळे जुळवणारी यंत्रे आली. यंत्राला शेकडो खिळ्यांचा पसारा पेलत नसे, म्हणून देवनागरीतील खिळ्यांची संख्या कमी करण्याचे प्रयत्न झाले. लोकमान्य टिळकांनीही या प्रश्नाचा अभ्यास केला होता. यंत्रांच्या सोयीसाठी काही ठिकाणी जोडाक्षरे तोडली गेली, मात्रा बाजूला सरकल्या आणि अक्षराचा डौल कमी झाला. त्यानंतर शिशाचे खिळेही गेले आणि संगणकावर अक्षरजुळणी होऊ लागली. निर्णयसागर छापखानाही काळाच्या ओघात बंद पडला.

छापखाना बंद झाला तरी त्याची पुस्तके टिकून राहिली. काव्यमालेतील अनेक ग्रंथ पुढे इतर प्रकाशकांनी जुन्या पानांची छायाचित्रे घेऊन जसेच्या तसे पुन्हा छापले. ही पाने नव्याने जुळवण्याची गरज भासली नाही, कारण त्यांची शुद्धता आणि अक्षरे दोन्ही उत्तम होती. संगणकासाठी देवनागरी अक्षरे तयार करणारे कलावंतही निर्णयसागरची जुनी पाने अभ्यासतात. यंत्राच्या मर्यादेमुळे जी जोडाक्षरे तोडावी लागली होती, ती संगणकावर पुन्हा पूर्ण रूपात दाखवता येतात. राणोजींनी पोलादावर कोरलेल्या वळणांचा उपयोग अशा रीतीने नव्या काळातही होत आहे.

जावजी दादाजींना शाळेचा लाभ मिळाला नाही. पण ज्यांना शिकायचे आहे त्यांच्या हाती चांगले पुस्तक पडावे, यासाठी त्यांनी आयुष्यभर परिश्रम केले. हलके समजले जाणारे काम त्यांनी मन लावून केले, त्यातून कौशल्य मिळवले आणि त्या कौशल्याचा लाभ समाजाला दिला. आपल्यापेक्षा अधिक जाणणाऱ्या माणसांना मान देऊन बरोबर घेण्याचा त्यांचा गुणही तितकाच महत्त्वाचा आहे. शिक्षण अर्धवट राहिलेल्या कोणत्याही व्यक्तीला त्यांच्या चरित्रातून आत्मविश्वास मिळू शकतो.

शब्दार्थ

खिळा – छपाईसाठी वापरला जाणारा धातूचा सुटा टाइप
ठसा – अक्षर उलटे कोरलेली पोलादी कांडी
मातृका – ठसा ठोकून तयार केलेला तांब्याचा खोलगट नमुना
बोरू – वेताची किंवा बांबूची लेखणी
शिरोरेघ – देवनागरी अक्षराच्या डोक्यावरील आडवी रेघ
मुद्रित – तपासणीसाठी काढलेली छापील प्रत
उमेदवारी – काम शिकण्याचा काळ
लौकिक – कीर्ती, नावलौकिक

स्वाध्याय

१. शिळाछाप आणि खिळ्यांची छपाई यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. देवनागरी खिळे तयार करणे रोमन खिळ्यांपेक्षा अवघड का होते?
३. खिळे घासण्याच्या कामातून जावजींना कोणते ज्ञान मिळाले?
४. ठसा, मातृका आणि खिळा यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.
५. जावजी दादाजी आणि राणोजी रावजी आरू यांच्या सहकार्याचे महत्त्व सांगा.
६. 'काव्यमाला' सुरू झाली नसती तर कोणते नुकसान झाले असते, यावर आठ-दहा ओळी लिहा.
७. तुमच्या गावातील किंवा शहरातील एखाद्या कुशल कारागिराच्या कामाची माहिती मिळवा आणि ती दहा-बारा वाक्यांत लिहा.